सातवं कलम

नलूताई,

तुमच्या शोकसभेतून मी मधूनच उठून आले. तुमच्याच बालीगंजच्या शाळेचा हॉल, भिंतीवर तुमचा हार घातलेला फोटो, पुढच्या रांगेत पाहुणे. आमदारसाहेब बोलायला उभे राहिले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि मग म्हणाले, "मत्स्यबीजाच्या योजनेची कल्पना मी पहिल्यांदा दिदींपुढे मांडली, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! शेवटच्या बाकावर मच्छीमार हारान मंडल बसला होता, धुतलेलं धोतर नेसून, मांडीवर हात ठेवून. त्याला कुणी बोलायला बोलावलं नाही, पुढेही बोलावून बसवलं नाही. मी उठले. खुर्ची जरा जोरातच सरकली. सरकू दे म्हटलं.

सध्याच्या दिवसांत सत्तेतल्या माणसाला भर सभेत खोटारडा म्हणायची कुणाची छाती नाही. माझीही झाली नाही. मी नुसती उठून गेले, म्हणजे मी काय मोठं केलं? म्हणून आता लिहिते आहे. तुमचा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, शाळेची किती वर्षं मुख्याध्यापिका होतात, हे सगळं त्या छापील पत्रकात आलं आहे. जे त्यात नाही ते मला तुमच्याशी बोलायचं आहे.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत ते कलकत्त्याच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला. माझं लग्न नुकतंच झालेलं. हे खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये, आणि मी पुण्याहून येऊन दिवसभर क्वार्टरच्या खिडकीतून जहाजांचे भोंगे ऐकत बसलेली. तुम्ही तिळगूळ हातावर ठेवलात आणि विचारलंत, "शिकलीस काय?"

"बी.एस्सी. प्राणिशास्त्र."

"मग ते काय लोणच्यात घालून ठेवलं आहेस? उद्या सकाळी सहाला गडियाहाटच्या मासळीबाजारात ये. पाणी खाशील?"

तुम्ही कलकत्त्यात जन्मलेल्या, तुमच्या मराठीत असं बंगाली कुठूनही शिरायचं. पाणी 'खायचं' ऐकून मी हसले. तुम्ही नाही हसलात. दुसऱ्या दिवशी मी गेले, नाकाला पदर लावून, कारण माझ्या माहेरी मासा दारातूनसुद्धा आत येत नसे.

तिथे हारान पोत्यावर बसून रोहूची डोकी फोडत होता. छिन्नीनं कवटी उघडायची, चिमट्यानं मेंदूच्या खालची मोहरीएवढी गाठ अलगद उचलायची आणि अल्कोहोलच्या काळ्या बाटलीत टाकायची. कॉलेजात मी पीयूषिका ग्रंथीची आकृती काढली होती. ती खरोखर कुणाच्या चिमट्यात पहिल्यांदा पाहिली ती त्या दिवशी. रोहू आणि कातला एरवी नदीच्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतात. ही गाठ वाटून तिचा अर्क माशाला टोचला, तर ते बंद तळ्यातही घालतात. हे शोधून काढलं आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी, आणि गाठी काढत होता दुसरी नापास झालेला हारान. तुम्ही मला म्हणालात, "या दोघांची भेट कधीच झालेली नाही. ती घालून द्यायची आहे."

मला वाटलं, हे असेल एखादं व्याख्यान वगैरे.

तुम्ही मला धाप्याच्या पलीकडे, हारानच्या भेरीवर घेऊन गेलात. शहराच्या सांडपाण्यावरची ती मोठमोठी उथळ तळी, मधून चिखलाचे बांध. आदल्या वर्षी त्यांच्या सहकारी संस्थेनं एका व्यापाऱ्याकडून माशाचं बी, म्हणजे तळ्यात सोडायची इवली पिल्लं, घेतलं होतं. इंजेक्शनचं, प्रयोगशाळेतलं, असा शिक्का असलेला कागद सोबत होता. त्या बियाच्या हांड्या उतरल्या तेव्हा हारानने ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं आणि सांगितलं, हे कातलाचं पिल्लू नाही, यात बोआल आहे. बोआल म्हणजे दुसऱ्या माशांना खाणारा मासा. तिथे मत्स्यखात्याचे संचालक हजर होते. ते म्हणाले, "तुझ्या डोळ्यांत सूक्ष्मदर्शक बसवला आहे का रे?" सगळे हसले. कागदावर शिक्का होता, हांड्या तळ्यात सोडल्या गेल्या. काही महिन्यांनी जाळं ओढलं तर आत गलेलठ्ठ बोआल आणि बाकी जवळजवळ काही नाही. एक अख्खं वर्ष गेलं. बांधावरची कितीतरी घरं रिकामी झाली. हारानचा थोरला भाऊ गोदीत हमालीला लागला आणि पुन्हा कधी पाण्यात उतरला नाही. आमच्या क्वार्टरच्या रस्त्यावर तो मला दिसायचा, मान खाली घालून.

हारान तुम्हाला हे सगळं सांगत होता तेव्हा त्याचा आवाज चढला नाही. एवढंच म्हणाला, "दिदिमणी, मी चुकलो असतो तर मला वाईट वाटलं नसतं. मी बरोबर होतो."

परत येताना आपण बस धरली. उतरताना म्हणालात, "कायदा करते."

मी मनात म्हटलं, शाळेच्या बाईंना कायदा करायला कोण देणार? शिक्षकांच्या मतदारसंघातून तुम्ही विधान परिषदेवर निवडून गेला होतात हे मला ठाऊक होतं. पण ते सभागृह म्हणजे म्हाताऱ्यांची विश्रांतीची जागा अशी माझी समजूत होती, आणि ती फारशी चुकीची नव्हती. कुठल्याही पक्षात नसलेल्या एकट्या सभासदानं खाजगी विधेयक आणायचं, त्यासाठी राखून ठेवलेल्या शुक्रवारची वाट बघायची, आणि शुक्रवारी कुणी हजर राहील याची विनवणी करत फिरायचं. ते तुम्ही केलंत. शाळा सुटली की ट्रामनं विधानभवन. तिथल्या व्हरांड्यात तुम्ही माणसं गाठायच्यात. कुणाच्या ग्रंथालयाच्या ठरावाला पाठिंबा द्यायच्यात आणि त्या बदल्यात आपल्या विधेयकाला हात वर करून घ्यायच्यात. शिक्षकांशी बोलताना म्हणायच्यात, मुलांच्या ताटात मासा पाहिजे. शास्त्रज्ञांना म्हणायच्यात, तुमच्या शोधाची अब्रू चोरबाजारात जाते आहे. पक्षवाल्यांना म्हणायच्यात, भेरीवर किती मतं आहेत माहीत आहे का?

मी म्हटलं, "ताई, हा दुटप्पीपणा झाला."

"दुटप्पी कसला? तिन्ही खरं आहे. ज्याला जे ऐकू येतं ते त्याला सांगायचं."

मी मसुद्याच्या प्रती करायची, कार्बन लावून, तुमच्या खिळखिळ्या टाइपरायटरवर. गाठींच्या प्रत्येक बाटलीवर तारीख हवी. बी विकणाऱ्याला परवाना हवा. तपासणी हवी. सहा कलमं अशी, सरळ, कुणीही मान्य करावीत अशी. आणि सातवं: हे सगळं बघणाऱ्या मंडळावर शास्त्रज्ञ आणि अधिकारी यांच्याइतकेच मच्छीमार, हांडीवाले आणि गाठी काढणारे असतील, आणि त्यांची निवड त्यांचे तेच करतील.

त्या सातव्या कलमापायी पुढचं सगळं झालं.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तुम्ही सुनावण्या घेतल्यात. कायद्यात अशी काही तरतूद नव्हती, तुम्हीच काढलेली पद्धत. बाकांवर मच्छीमार, हांड्या घेऊन आलेले वाहक. पाण्यातली हवा कमी होऊ नये म्हणून ते बसल्या बसल्याही हांडी हलवत राहायचे, सगळ्या हॉलभर पाण्याचा डुबुक डुबुक आवाज. प्रत्येकाचं बोलणं तुम्ही लिहून घ्यायच्यात आणि त्याला वाचून दाखवायच्यात. "असंच म्हणालास ना? बदलायचं आहे काही?" एका म्हाताऱ्यानं तुम्हाला चार वेळा बदलायला लावलं. पाचव्या वेळी तुम्ही त्याला चहा दिलात आणि पुन्हा वाचलंत.

मग प्रवर समितीची बैठक. तुम्ही हारानला साक्षीला बोलावून घेतलंत आणि मला त्याच्याबरोबर पाठवलंत. संचालक होतेच. ते इंग्रजीत म्हणाले की निरक्षर माणसांना संप्रेरकांच्या विषयात मत विचारणं म्हणजे लोकशाहीची थट्टा आहे. तुम्ही शांतपणे पिशवीतून काचेची बरणी काढलीत. आत बोटाच्या पेराएवढी पिल्लं. "साहेब, यात कातला किती, मृगेल किती?" संचालक बरणी उजेडात धरून बघत राहिले. म्हणाले, प्रयोगशाळेत पाठवावी लागतील. तुम्ही बरणी हारानकडे दिलीत. तो बोट लावून दाखवत गेला, "हे मोठ्या डोक्याचं कातला. याच्या शेपटीशी काळा तिकोनी डाग, हा मृगेल. हा पण मृगेल. हे रोहू." तो थांबला आणि संचालकांना अगदी अदबीनं म्हणाला, "बाबू, सूक्ष्मदर्शक लागत नाही."

कुणी हसलं नाही. मला वाटलं आता जिंकलो. तुम्ही मात्र जिन्यात मला म्हणालात, "आज आपण एक शत्रू कायमचा केला." तुमचं खरं होतं.

पंधरा दिवसांत निरोप आला. सहा कलमांना सरकारची हरकत नाही, सातवं काढा, याच अधिवेशनात मंजूर करून देतो.

मी तुम्हाला म्हटलं, काढा. आज हे लिहिताना कबूल करते की मी तेव्हा अगदी मनापासून सांगत होते. तारीख आणि तपासणी तरी होईल, पुढच्या वर्षी कुणाचं तळं बुडणार नाही. मंडळ मागाहून बदलता येईल.

"मागाहून कुणी बदलत नाही, शैला. एकदा टेबलाभोवती खुर्च्या लावल्या की जास्तीची खुर्ची कुणी आणत नाही."

"पण हारानच्या तळ्याचं काय?"

"हारानकडे डोळे होते, तरी तळं गेलं. तपासनीस नव्हता म्हणून गेलं का? त्याचं ऐकायचं नव्हतं म्हणून गेलं. तेच कलम काढू?"

तुम्ही काढलं नाहीत. विधेयक समितीत अडकून पडलं, तारखांवर तारखा. आणि एका सकाळी मी वर्तमानपत्र उघडलं तर त्यात तुमचं निवेदन. विधान परिषद बरखास्त करावी या मागणीला तुमचा जाहीर पाठिंबा! जनतेनं निवडून दिलेल्या विधानसभेला दुसऱ्या सभागृहानं अडवत बसणं अन्यायाचं आहे, वगैरे. खाली तुमची सही.

मी तशीच बस पकडून तुमच्या घरी आले. तुम्ही पोळ्या लाटत होतात.

"तुमचं विधेयक त्याच सभागृहात आहे, ताई! ते गेलं की विधेयक गेलं, तुमची जागाही गेली!"

"माहीत आहे."

"मग?"

"चांगलं विधेयक तिथे अडकलं आहे म्हणून वाईट सभागृह राखायचं? माझ्यासकट त्यातल्या निम्म्यांना तिथे बसायचा काही अधिकार नाही."

"हारानला विचारलंत? त्यांना सगळ्यांना विचारलंत? सातव्या कलमात लिहिता की त्यांना विचारल्याशिवाय काही करू नये, आणि त्यांचं विधेयक बुडवताना एकालाही विचारलं नाहीत!"

तुमचं लाटणं थांबलं. मला तिथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले, "तुम्हाला कायदा नकोच होता. तुम्हाला हुतात्मा व्हायचं होतं."

तव्यावरची पोळी जळाली. मी चप्पल घातली आणि निघून आले.

परिषद बरखास्त झाली. तुमच्या विधेयकाचा कुठे उल्लेखही आला नाही. आठ महिने मी तुमच्याकडे फिरकले नाही. मंडळाच्या गणपतीत तुम्ही समोर आलात तर मी प्रसादाच्या ताटाकडे वळले. आणि मग एका रविवारी खिदिरपूरच्या आमच्या दारात तुम्ही उभ्या, दोन बस बदलून आलेल्या, काखेत फायलींचं गाठोडं.

"चहा टाक. साखर कमी. आणि हे बघ, मी नवा मसुदा केला आहे, विधानसभेतल्या कुणाला तरी द्यावा म्हणते."

मी चहा टाकला. त्या भांडणाबद्दल तुम्ही कधी काही बोलला नाहीत, मीही नाही. मला माफी मागायची होती. तुमच्या मनात काय होतं मला माहीत नाही. दर वेळी काही ना काही काम निघायचं आणि ते राहून जायचं. तुम्हीच मला संध्याकाळच्या वर्गांना घालून एम.एस्सी. करायला लावलंत. हे कुरकुरले तेव्हा त्यांना तुम्ही माझ्यासमोर झापलंत, "जावईबापू, भात तुम्हालाही लावता येतो." मी कॉलेजात शिकवायला लागले ती तुमच्यामुळे. वर्गात गाठीची आकृती काढताना मी मुलींना हारानबद्दल सांगते. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

मधली वर्षं वाईट गेली. रस्त्यावर बॉम्ब, मग निर्वासितांचे लोंढे, शाळेत निर्वासितांच्या पंगती. फायली कपाटात पडून राहिल्या. मग निवडणुका झाल्या आणि हे तरुण आमदार उगवले. हुशार, गोड बोलणारे. तुमच्याकडे येऊन मांडी घालून थालीपीठ खायचे आणि म्हणायचे, "दिदी, आणखी एक." तुम्ही खुश. मला म्हणालात, "ऐकून घेतो ग. प्रश्न विचारतो." तुम्ही त्यांना सगळं दिलंत. मसुदे, सुनावण्यांच्या वह्या, त्या म्हाताऱ्याचं चार वेळा बदललेलं बोलणं.

त्याची योजना झाली. कायदा नाहीच, सरकारी आदेश. छापील पुस्तिका आली, प्रस्तावनेत आमदारांचं नाव, मधल्या पानांत तुमची वाक्यं, जशीच्या तशी. सहा कलमं. सातव्याच्या जागी 'तज्ज्ञांची पाच सदस्यांची सल्लागार समिती'.

मी पुस्तिका तुमच्या टेबलावर आपटली. तुम्ही म्हणालात, "कागद कुणाच्या नावावर आहे यानं माशाला काय फरक पडतो?"

"माशाला नाही पडत. हारानला पडतो."

तुम्ही चष्मा काढलात आणि पुस्तिका मिटून फायलींखाली सरकवलीत. मला तेव्हा आनंद झाला होता, नलूताई. जिंकल्याचा. आज त्याची लाज वाटते.

कारण तुम्ही गेल्यावर तुमचं टेबल आवरताना मला तुमच्या पत्रांच्या प्रती सापडल्या. त्याच आठवड्यात तुम्ही आमदारांना लिहिलं होतंत. मग दुसरं पत्र. मग तिसरं. तिसऱ्यात लिहिलं आहे: "काल मी आपल्या व्हरांड्यात दहापासून एकपर्यंत बसले होते. आपण घरात होता, आपला आवाज येत होता. मी स्वतःसाठी काही मागायला आले नव्हते. माझ्याकडून पूर्वी एक चूक झाली, ज्यांचं काम होतं त्यांना न विचारता मी एक निर्णय घेतला. ती माझ्या मैत्रिणीनं मला दाखवली. तीच चूक आपण करू नये, एवढंच सांगायला आले होते."

सुजलेल्या पायांनी, त्या उन्हात, शिफारशीची पत्रं मागायला आलेल्या लोकांच्या रांगेत तुम्ही तीन तास बसलात. ज्याला थालीपीठं खाऊ घातलीत तो दाराबाहेर आला नाही. आणि शोकसभेत तो म्हणतो, दिदींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला! मी ते पत्र हातात घेऊन किती वेळ जमिनीवर बसले होते मला आठवत नाही. मैत्रीण! मला तुम्ही कधी मैत्रीण म्हटलं नव्हतंत. 'ही आमची शैला' म्हणायच्यात.

तुम्हाला माझं म्हणणं पटलं होतं. हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? त्याला सांगितलंत, ज्यानं ते पत्र बहुतेक उघडलंही नसेल. मला एक वाक्य बोलला असतात तर मीही बोलले असते. मीही सांगितलं असतं की सातव्या कलमाबद्दल माझं चुकलं होतं. खुर्च्या लावून झाल्यावर कुणी जास्तीची आणत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दोघीही हट्टी. तुमचा राग येतो मला, नलूताई. अगदी आत्ता, लिहितानाही येतो आहे.

तुमच्या दहाव्याला मला सरकारी पाकीट आलं. त्या पाच तज्ज्ञांत एक प्राणिशास्त्राची अध्यापिका पाहिजे होती, आणि नाव माझं. ते फाडून टाकायचं मी ठरवलं. हे म्हणाले, "ताईंनी फाडलं असतं का?" मी नाही फाडलं.

गेल्या गुरुवारी बैठक होती. मी हारानला बरोबर नेलं. चपराशी त्याला आत सोडेना, मी त्याच्या दंडाला धरून आत घेतलं. अध्यक्षांच्या खुर्चीत तेच संचालक, आता निवृत्त, केस पांढरे. त्यांनी हारानला ओळखलं. मला म्हणाले, "बाई, ही तज्ज्ञांची समिती आहे."

"म्हणूनच आणलं."

"त्यांना बसता येणार नाही."

पाचांपैकी दोघं आलेच नव्हते. मी म्हटलं, "मग मीही बसत नाही. तुम्ही दोघंच राहता. कोरम होत नाही."

हारान अवघडून गेला होता. "दिदी, मी बाहेर थांबतो, तुम्ही काम करा." मी त्याला म्हटलं, गप्प उभा राहा. आम्ही दोघं उभेच राहिलो. पंखा फिरत होता. संचालकांनी घड्याळ पाहिलं, कागद चाळले, पुन्हा घड्याळ पाहिलं. त्यांना वर अहवाल पाठवायचा होता, बैठक झाली असं दाखवायचं होतं. अखेर म्हणाले, "काय म्हणायचं आहे ते थोडक्यात सांग."

मला वाटलं हारान भेरीचं सांगेल, भावाचं, त्या सूक्ष्मदर्शकाच्या टोमण्याचं. मी तर त्याचीच वाट बघत होते. तो म्हणाला, "बाबू, बाटलीवर तारीख टाकताय ते चांगलं आहे. त्यावर गाठ काढणाऱ्याचं नावही टाका. माझी बाटली असेल तर माझं नाव. गाठ खराब निघाली तर लोकांना मला येऊन विचारता आलं पाहिजे."

एवढंच. आजवर त्या टेबलाशी येऊन जबाबदारी मागणारा हा एकच माणूस असेल, आणि त्याला बसायला खुर्ची नव्हती.

कारकुनानं लिहून घेतलं. मी म्हटलं, नाव लिहा. त्यानं लिहिलं: 'श्री. हारान मंडल, मत्स्यव्यावसायिक, निमंत्रित.' मी म्हटलं, त्यांना कुणी निमंत्रण दिलेलं नाही, 'निमंत्रित' खोडा. त्यावर संचालक चिडले आणि वीस मिनिटं वाद झाला. शेवटी 'उपस्थित' असं लिहिलं गेलं. सूचना खात्याकडे विचारार्थ जाईल. म्हणजे तिचं काय होईल ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. सातवं कलम अजून कुठेही नाही. मी दर बैठकीला हेच करणार आहे, आणि एक दिवस ते मला समितीतून काढतील.

बाहेर बसस्टॉपवर उभे होतो. हारान येणाऱ्या बसचा नंबर बघत होता. मग म्हणाला, "दिदिमणी असत्या तर आज भांडल्या असत्या."

"त्या संचालकांशी?"

"नाही, तुमच्याशी. मला न विचारता आत ओढून नेलंत ना."

आणि तो हसला. मला हसता येईना. रस्त्यात, भर गर्दीत, बांध फुटल्यासारखं रडू आलं. तो बिचारा पिशवी या हातातून त्या हातात घेत उभा राहिला. पदरानं तोंड पुसून मी त्याला विचारलं, "हारान, पुढच्या बैठकीला यायचं आहे का तुला?"

त्यानं जरा विचार केला. "भेरीवर विचारतो सगळ्यांना. ते ज्याला पाठवतील तो येईल."

त्याची बस आली. तो चढला.